कारखाना एकीकडे, आकडा भलतीकडे

१२ जुलै २०१६. आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने जाहीर केलं, की २०१५ या एका वर्षात देशाची अर्थव्यवस्था २६ टक्क्यांनी वाढली! जीडीपीतला कारखानदारीचा वाटा एका झटक्यात तिसऱ्या हिश्शाच्या घरात गेला. तेवढे नवे कारखाने मात्र कुठे उभे राहिले नव्हते, कामगारही तेवढे वाढले नव्हते. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी या प्रकाराला ‘लेप्रेकॉन इकॉनॉमिक्स’ म्हटलं. लेप्रेकॉन म्हणजे आयरिश लोककथांमधला, सोन्याचा हंडा लपवून ठेवणारा बुटका.

आता फिनलंड बघा. लोकसंख्या आयर्लंडसारखीच, पन्नास-साठ लाखांतली. पण २००० साली जीडीपीत जवळजवळ पाव वाटा असलेली तिथली कारखानदारी पंधरा वर्षांत बरीच खाली आली होती. दोन आलेख शेजारी ठेवले, की आयर्लंड जिंकला आणि फिनलंड हरला असं कुणालाही वाटेल. माझ्या मते इथेच फसायला होतं, कारण दोन्ही आलेखांवर नाव एकच असलं, तरी आत मोजलेली वस्तू वेगळी आहे.

कारखान्याचं उत्पादन मोजताना विकलेल्या मालाची पूर्ण किंमत धरत नाहीत. समजा, कागदाच्या गिरणीने १०० युरोचा कागद विकला आणि लाकूड, वीज, रसायनं यांवर ६० युरो खर्च केले. देशाच्या खात्यात ४० युरोच जमा होतात. हे झालं मूल्यवर्धन. इथपर्यंत सरळ आहे.

गुंता होतो तो जॉबवर्कमुळे. भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकाला हे सांगायला नको: माल दुसऱ्याचा, ड्रॉइंग दुसऱ्याचं, आपण मशीनिंग करून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. हेच दोन देशांमध्ये चालतं. आयर्लंडमध्ये नोंदलेली कंपनी, समजा, चीनमधल्या कारखान्याकडून माल बनवून घेते. तो माल आयर्लंडच्या बंदराला लागतही नाही. पण मालकी आणि पेटंट तिचं, म्हणून कच्चा माल आणि मजुरी वजा जाता उरलेलं मूल्य आयर्लंडच्या खात्यात पडतं. यात लबाडी नाही, हिशेबाचे आंतरराष्ट्रीय नियमच तसे आहेत. २०१५ मध्ये काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा मोठ्या प्रमाणावर आयर्लंडला हलवली. कंपनी कर अवघा १२.५ टक्के, हे मोठं आकर्षण होतं.

म्हणून आयर्लंडची कारखानदारी कागदावरचीच, असं समजू नका. डब्लिनजवळच्या लेक्सलिपला चिप बनवणारी इंटेल १९८९ पासून आहे, आणि कॉर्कजवळच्या रिंगास्किडीत खरीखुरी औषधं बनतात.

फिनलंडची गोष्ट लाकूड, लोखंड आणि फोनची. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाला नुकसानभरपाई द्यायची होती, तीही मालाच्या रूपात: जहाजं, यंत्रं. १९५२ पर्यंत ती फेडता फेडता देशाचा यंत्रउद्योग मोठा झाला. पुढे आली नोकिया, १८६५ मध्ये लाकडाच्या लगद्याच्या गिरणीतून सुरू झालेली. तिचा जुना ३३१० फोन कपाटात पडला असेल तर बॅटरी काढून बघा, काहींवर ‘मेड इन फिनलंड’ छापलेलं सापडेल. आयफोन २००७ साली आला, आणि २०१२ मध्ये सालो गावातलं नोकियाचं फोन बनवणं थांबलं. ही घसरण माणसांच्या पगारात दिसली.

तरी त्या आकड्यांतही एक मेख आहे. महागाई वजा करून ‘स्थिर किमतीं’त मोजताना उपकरणाची वाढलेली ताकदही उत्पादनवाढ म्हणून धरतात. तेवढ्याच पैशांत दुप्पट क्षमतेचं यंत्र मिळालं, तर उत्पादन वाढलं असं लिहिलं जातं. त्यामुळे फोनच्या सुगीच्या काळात फिनलंडचा आलेखही फुगलेला दिसतो.

आयर्लंडने २०१७ मध्ये स्वतःच तोडगा काढला: ‘सुधारित जीएनआय’ नावाचं मोजमाप, म्हणजे बहुराष्ट्रीय कंपन्यांमुळे आलेली फुगवट वगळून धरलेलं देशाचं एकूण उत्पन्न. त्यात अर्थव्यवस्थेचा आकार तेव्हा जीडीपीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने लहान दिसला. पण हे झालं सगळ्या देशाचं माप. कारखानदारीपुरती तुलना करायची, तर तिथलं सांख्यिकी कार्यालय ‘पारंपरिक’ आणि ‘आधुनिक’ उद्योगांचे निर्देशांक वेगळे देतं. बहुराष्ट्रीय कंपन्यांचा वरचष्मा असलेली औषधं आणि संगणक ‘आधुनिक’मध्ये जातात. मी फिनलंडशेजारी आधी ‘पारंपरिक’चा आलेख ठेवीन, आणि त्याखाली दोन्ही देशांतल्या कामगारांचे कामाचे तास.