जुनं दुखणं, नवा गुडघा

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं की घरातले सगळे एकच सांगतात, "दुखलं की थांब." बाकी अंग ठणठणीत असलेल्याला हा सल्ला चालून जातो. पण जो दहा वर्षं कंबरदुखी किंवा फायब्रोमायल्जिया (अंगभर पसरलेलं जुनाट दुखणं) सोसतोय, त्याचं दुखणं कधी थांबतच नाही. मग त्याने हलायचं कधी?

दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की त्याला दीर्घकालीन वेदना म्हणतात. अशा वेळी बिघाड नुसता सांध्यात राहत नाही. मज्जारज्जूतल्या चेतापेशीच जास्त संवेदनशील होऊ शकतात. इजा झाल्यावर असं होतं, हे वेदनेचे अभ्यासक क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 साली उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं. मग चादर घासली तरी कळ येते आणि जखम गुडघ्यात असून मांडीपासून घोट्यापर्यंत ठणकतं. म्हणजे किती दुखतंय यावरून आत किती इजा झाली, याचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून गोळी, चालणं आणि पडून राहणं ही तिन्ही घड्याळावर बांधावी लागतात.

तयारी आधीपासूनच करावी. कुठे, किती (0 ते 10 मध्ये) आणि कशाने दुखतं, हे एका कागदावर लिहावं. रोजच्या गोळ्या मात्रेसह लिहून तो कागद भूलतज्ज्ञांना द्यावा. प्रीगॅबालिन किंवा ड्युलोक्सेटिन ही जुनाट वेदनेवरची औषधं मनाने बंद करू नयेत. एकदम तोडल्यास झोप उडते, घाम येतो, अस्वस्थ वाटतं आणि ही सगळी लक्षणं ऑपरेशनच्या नावावर खपतात. ड्युलोक्सेटिन किंवा त्याच कामासाठी दिलं जाणारं अमिट्रिप्टिलिन चालू असताना ट्रामाडोल हे जोरकस वेदनाशामक दिलं, तर सिरोटोनिन हे चेतापेशींमधलं रसायन धोकादायक पातळीला वाढू शकतं. ट्रामाडोल आणि प्रीगॅबालिन एकत्र घेतल्यास गुंगी वाढते, श्वास मंदावू शकतो आणि रात्री बाथरूमला जाताना तोल जातो.

पहिले काही दिवस वेदनाशामक ठरल्या वेळी घ्यावं. कळ चढल्यावर घेतलेली गोळी तिच्यामागे धावत राहते. पॅरासिटामॉलचा हिशोब मात्र चोख हवा: 650 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या म्हणजे 2600 मिलिग्रॅम. अ‍ॅसिक्लोफेनॅक (दुसरं एक वेदनाशामक) किंवा ट्रामाडोलच्या जोडगोळीतही बहुधा 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा 4000 मिलिग्रॅम. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा दारू घेत असाल तर त्याहून कमी. ट्रामाडोलने बद्धकोष्ठ होतो, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच विचारून घ्यावं.

आता विश्रांती. नुसतं पडून राहणं महाग पडतं. निरोगी वृद्धांना 10 दिवस अंथरुणात ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांचं जवळजवळ 1 किलो मांस झडलं, असं 2007 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं. त्यात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभरात मांडीच्या पुढच्या स्नायूची निम्म्याहून जास्त ताकद जाते. उलट, एके दिवशी बरं वाटलं म्हणून सगळा स्वयंपाक उरकला, तर पुढचे दोन दिवस पलंगावर जातात. हा झोका थांबवायला एक सोपं गणित आहे. तीन दिवस आपण किती मिनिटं चालू शकतो ते लिहा. समजा 10, 6 आणि 8. सरासरी 8, तिचे 80 टक्के म्हणजे साधारण 6. आता दिवसातून चार-पाच वेळा 6 मिनिटंच चाला. चांगल्या दिवशीही गजर वाजला की थांबायचं, हेच खरं कठीण. दर आठवड्याला मिनिटभर वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणं दोन अंकांनी चढलेलंच असेल, तर आदल्या टप्प्यावर या, पण चालणं सोडू नका.

गुडघ्याखाली उशी घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण तसं बरं वाटतं. पण तसाच वाकलेला गुडघा आखडतो आणि मग पाय पूर्ण सरळ होत नाही. उशी टाचेखाली घ्यावी. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये घेतली की कंबरेलाही आराम पडतो. बर्फ फडक्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं ठेवावा. वर्षानुवर्षं गरम पाण्याची पिशवी वापरणाऱ्यांनी ती कंबरेलाच ठेवावी, ताज्या सुजलेल्या गुडघ्याला नको. शिवाय चिऱ्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर असते, तिथे भाजलेलं कळतही नाही.

ऑपरेशननंतर कंबर उठली की दोष गुडघ्याला जातो, आणि वॉकर बुटका असल्याचं कुणाच्या ध्यानातच येत नाही. सरळ उभं राहून हात सैल सोडावेत. वॉकरची मूठ मनगटाच्या घडीला यायला हवी. नाहीतर दिवसभर ओणव्याने चालणं होतं. खुर्ची हातांची आणि उंच हवी. भारतीय शौचालय असेल तर कमोड खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवावी.

एक धोका याच रुग्णांना जास्त असतो: प्रत्येक नवी कळ "नेहमीचंच आहे" म्हणून टाळली जाते. तो कागद इथे कामाला येतो. त्यात नसलेलं काही दिसलं, म्हणजे एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, जखमेतून पू, 100.4 फॅरनहाइटच्या वरचा ताप किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर फोनमध्ये वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावं.