मनोरुग्णालयांतील कर्मचाऱ्यांवरील हल्ले : पार्श्वभूमी

डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयातील इतर कर्मचाऱ्यांवर होणारे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रात 2010 साली स्वतंत्र कायदा झाला. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. या शिक्षेचा धाक रुग्ण दगावल्यावर खवळलेल्या नातेवाइकांना वाटू शकेल. मनोरुग्णालयात मात्र हात उगारणारा बहुधा रुग्णच असतो आणि भास-भ्रमांनी घेरलेल्या माणसाला कलमांची भीती नसते.

त्यामुळे रुग्णाला जखडून ठेवणे हाच पूर्वी सुरक्षिततेचा मार्ग मानला जाई. लंडनजवळच्या हॅनवेल येथे जॉन कोनोली यांनी 1839 साली सुमारे 800 रुग्णांची बंधने काढली, तरी हा प्रश्न मिटला नाही. पुढे 1980च्या दशकात ब्रिटिश मनोरुग्णालयांनी रुग्णाला आवरण्याची तंत्रे चक्क तुरुंगांकडून उचलली. 1998 साली नॉरिच येथे परिचारिकेला मारणाऱ्या डेव्हिड बेनेट या रुग्णाला कर्मचाऱ्यांनी बराच वेळ पालथे दाबून धरले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्याआधी दुसऱ्या एका रुग्णाने त्याला वर्णद्वेषी शिवीगाळ केली होती. तरीही वॉर्ड बदलायला लावला तो बेनेटलाच. ठिणगी कुठे पडते, हे यातून दिसते.

नेमक्या अशा ठिणग्यांवर ‘सेफवॉर्ड्स’ या इंग्लंडमधील पद्धतीचा भर आहे: नकार सौम्य शब्दांत देणे, वाईट बातमीने रुग्ण बिथरेल हे आधीच ओळखून त्याला सावरणे, वॉर्डातील परस्परांच्या अपेक्षा स्पष्ट ठेवणे. 15 रुग्णालयांतील 31 वॉर्डांत झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संघर्षाचे प्रसंग 15 टक्क्यांनी, तर रुग्णाला आवरण्याचे उपाय 26.4 टक्क्यांनी घटले.

भारतात 2001 साली तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळ्यांवर आणि एकांतकोंडीवर बंदी घातली. रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि दुसरा उपायच नसेल, तरच त्याला आवरण्याची मुभा ठेवली. मनुष्यबळ अपुरे आहे एवढ्याच कारणाने रुग्णाला जखडता येणार नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे रिक्त पदांची झळ रुग्णाला बसू नये, याची तजवीज कायद्याने केली. पदे भरलीच नाहीत, तर ती रात्रपाळीच्या परिचारिकेला बसते.