फसली आणि हिजरी: १३०९ म्हणजे नेमकं कधी?

निजामकाळातल्या कागदाचा फोटो कुणी पाठवला, की मी नाव नंतर वाचतो, आधी साल बघतो. कारण कागदावर सन असतो फसली किंवा हिजरी, आणि सोबतच्या निरोपात त्याचं इसवी साल बहुतेक वेळा चुकीचं काढलेलं असतं. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या निमित्तानं मराठवाड्यात घरोघरी जुने कागद बाहेर आले. शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि वंशावळ हा शब्द चहाच्या टपरीवर आला. उर्दू वाचून देणारे मौलवीसाब मिळतात, मोडीवाले मिळतात. साल मात्र जो तो आपल्या मनानं काढतो, आणि तिथंच घराणं बिघडतं.

हिजरी सनाबद्दल फार सांगायची गरज नाही. आपल्या गावात सवाऱ्या बसतात. मोहरम कधी पावसाळ्यात येतो, कधी ऐन उन्हाळ्यात, हे सगळ्यांनी पाहिलंय. हिजरी वर्ष चंद्राचं. त्याला धोंड्याचा महिना नाही, म्हणून ते दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागं सरकतं. एवढं पुरे.

फसली सन त्याच्याच पोटातून निघाला, आणि सगळा घोळ याच नात्याचा आहे. फसल म्हणजे पीक. पीक काही चंद्र बघून पिकत नाही. शेतसारा हिजरी महिन्यांवर बांधला, तर काही वर्षांनी हप्ता सुगीच्या आधीच दारात उभा राहणार. म्हणून वसुलीसाठी सूर्याचं वर्ष धरलं. दख्खनेत ही सोय शहाजहानच्या काळात, १६३६ च्या सुमारास आली. तेव्हा हिजरी १०४६ चालू होतं, तोच आकडा फसलीला दिला. त्या दिवशी दोन्ही सन जुळे भाऊ होते. पुढं हिजरी छोट्या पावलांनी भरभर आकडे मोजत गेला आणि फसली आपल्या चालीनं मागं राहिला. १९०० च्या आसपास दोघांत आठ-नऊ वर्षांचं अंतर पडलं होतं. शेवटचे निजाम उस्मान अली खान १९११ साली गादीवर बसले, तेव्हा हिजरी १३२९ होतं आणि फसली १३२०. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी, सप्टेंबर १९४८ मध्ये, हिजरी १३६७ आणि फसली १३५७.

म्हणजे दोन्ही आकडे तेराशेतले, दोन्ही उर्दूत लिहिलेले, एकाच गाठोड्यात बांधलेले. बघणाऱ्याला वाटतं, एकच सन.

आमच्या घरातलंच सांगतो. चुलतभावाला एक राजीनामा सापडला. नोकरीचा नव्हे, जमिनीचं खातं सोडल्याचा. साल १३०९. नाव आमच्या खापरपणजोबांच्या भावाचं, आणि खाली कुठंतरी भालकी या गावाचा उल्लेख. भावानं मोबाइलवर बघून ६२२ मिळवले आणि १९३१ काढलं. आता १९३१ साली त्याच नावाचा त्यांचा नातू घरात होता. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. नातू तर जन्मभर गाव सोडून कुठं गेला नव्हता. मग भावानं ठरवलं की कागद नातवाचा आणि भालकी ही लिहिणाऱ्याची चूक. आमची एक आख्खी शाखा त्यानं त्या बेरजेत पुसून टाकली.

भावानं हिजरीचे म्हणून मिळवलेले ६२२ आणि फसलीला मिळवायचे ५९०, यांत बत्तीसचा फरक आहे. बत्तीस वर्षं म्हणजे एक पिढी, कधी दीड. ही चूक नेमकी अशा जागी नेऊन सोडते, जिथं त्याच नावाचा दुसरा माणूस उभा असतो. म्हणून ती कुणाला खटकत नाही, उलट वंशावळ जुळल्यासारखी वाटते. आणि मुळात ६२२ हा आकडा हिजरीलासुद्धा नुसता मिळवायचा नसतो. हिजरी सालाला आधी ०.९७ नं गुणायचं, मग ६२२. तसं केलं तर १३०९ हिजरी म्हणजे १८९१-९२. आणि १३०९ फसली म्हणजे १८९९-१९००. एका आकड्याची तीन उत्तरं, आणि त्यातलं १९३१ तर कुठल्याच हिशेबात बसत नाही.

राजीनाम्यावर महिना होता बहमन. मग वाद संपला. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान ही नावं दिसली की तो निजामाच्या राज्यातला फसली. मोहरम, सफर, रजब, शाबान दिसलं की हिजरी. दुसरी खूण आकड्याला चिकटलेल्या अक्षराची. फसलीपुढं ‘फे’ असतं, डोक्यावर एक नुक्ता, म्हणजे टिंब. हिजरीपुढं दोन डोळ्यांचं ‘हे’. फोटो काढताना लोक नेमका हाच कोपरा कापतात, आणि मग मला विचारतात. कृपा करून आख्खा कागद पाठवा.

हैदराबादचं फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ६ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. म्हणून डिसेंबरअखेरपर्यंत ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून ५९१. आमचा बहमन म्हणजे डिसेंबर १८९९ च्या आसपासचा. दुष्काळाचं साल. माणूस जमीन सोडून का गेला, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही.

इंटरनेटवरच्या आयत्या गणकयंत्रांवर माझा काडीचा विश्वास नाही. त्यातली काही उत्तरेकडच्या फसलीवर बेतलेली असतात. उत्तर प्रदेशातल्या खतौनीवरचा, म्हणजे तिकडच्या जमिनीच्या खातेउताऱ्यावरचा, फसली ५९२-५९३ चा, आपला ५९०-५९१ चा. पडताळा घ्यायचाच तर हैदराबादचा जमीन महसूल कायदा लक्षात ठेवा. तो १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ चा. पेशवाई कागदांतला शुहूर सन आणखी निराळा, त्याला ५९९-६०० मिळवतात. निजामाच्या महसुली कागदात तो शोधत बसू नका.

कुठल्या कागदावर कुठला सन, हेही ढोबळपणे सांगता येतं. सारा, खातं, कोर्ट, शाळेचा दाखला असेल तर फसली. जुनी सनद, निकाहनामा, दर्गा-मशिदीचा कागद असेल तर हिजरी. इनामाच्या मुंतखबात, म्हणजे इनाम मंजूर झाल्याच्या सरकारी दाखल्यात, दोन्ही सापडू शकतात, म्हणून तिथं प्रत्येक तारखेचा महिना वेगळा वाचायचा.

भालकीला आम्ही गेलो. १९५६ च्या आधी ते आपल्याच हैदराबाद राज्यात होतं. आता कर्नाटक. तिथल्या घरात म्हातारी आत्या निघाली, कन्नडमिश्रित मराठी बोलणारी, कुलदैवत आमचंच. तिनं ट्रंकेतून एक चिठोरं काढलं, दर्ग्याच्या जमिनीच्या बटईचं. साल १३२१. भावानं शिकल्याप्रमाणं लगेच ५९० मिळवले आणि म्हणाला, १९११, म्हणजे इथं यायला बारा वर्षं लागली. मी महिना वाचायला सांगितला. रजब. १९०३.