ढाल धरलेली पोरं : ‘लाइव्ह’ या कोरियन मालिकेची पार्श्वभूमी

१० मार्च २०१७ रोजी दक्षिण कोरियाच्या घटनात्मक न्यायालयाने राष्ट्राध्यक्ष पाक ग्युन-हे यांना पदावरून दूर केलं. त्याला बरोबर वर्ष झालं त्या शनिवारी, १० मार्च २०१८ च्या रात्री, टीव्हीएन वाहिनीवर ‘लाइव्ह’ या पोलिसांवरच्या मालिकेचा पहिला भाग लागला. पुढे ६ मेपर्यंत अठरा भाग झाले. लेखिका नो ही-ग्योंग यांना या मालिकेचं बीज सापडलं ते राष्ट्राध्यक्षांविरुद्धच्या मेणबत्ती मोर्चांतच. सोलच्या ग्वांगह्वामुन चौकातल्या गर्दीत उभं असताना समोर ढाल धरून उभी असलेली पोलिसांची रांग त्यांच्या नजरेत भरली.

त्या रांगेत बहुतेक विशीतली पोरं असायची. कोरियात तरुणांना लष्करी सेवा सक्तीची आहे, आणि त्या काळी ती सेवा पोलिसांच्या बंदोबस्तात काढायचीही सोय होती. म्हणजे मोर्चात मेणबत्ती घेऊन आलेला विद्यार्थी आणि त्याच्यासमोर ढाल घेऊन उभा असलेला शिपाई एकाच वर्गातले असू शकत होते.

पण कोरियात पोलिसांबद्दल कळवळ्याने लिहायचं तर मागचं बरंच काही पोटात घालून लिहावं लागतं. जपानी राजवटीत, १९१० ते १९४५ या काळात, साध्या शिपायाला ‘सुन्सा’ म्हणत. रडणारं मूल गप्प करायला घरातली म्हातारी माणसं म्हणायची, ‘सुन्सा येतोय बघ.’ देश स्वतंत्र झाला तेव्हा अमेरिकन लष्करी प्रशासनाने घडी बसवण्याच्या घाईत याच जुन्या पोलिसांपैकी कितीतरी जणांना नोकरीत कायम ठेवलं. काल जपान्यांसाठी दार ठोठावणारा माणूस आज नव्या टोपीत त्याच दारात उभा राहिला. १९६० मध्ये मासान शहरात निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्धच्या निदर्शनांत एक शाळकरी मुलगा बेपत्ता झाला. जवळजवळ महिन्याने, ११ एप्रिलला, त्याचा मृतदेह बंदराच्या पाण्यात तरंगताना सापडला. डोळ्यात अश्रुधुराचं नळकांडं रुतलेलं होतं. १९ एप्रिलला सोलमध्ये पोलिसांनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या आणि आठवड्याभरात राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांना सत्ता सोडावी लागली.

त्यानंतर आलं १९८७. त्या वर्षाबद्दल घाईने लिहवत नाही. सोल राष्ट्रीय विद्यापीठात भाषाशास्त्र शिकणाऱ्या पाक जोंग-चोल याला जानेवारीत पोलिसांनी उचललं आणि नामयोंग-दोंग भागातल्या चौकशी केंद्रात नेलं. त्या इमारतीच्या पाचव्या मजल्याच्या खिडक्या आजही बघता येतात. इतक्या अरुंद, की त्यातून माणसाचं डोकंही बाहेर निघू नये. १४ जानेवारीला टबातल्या पाण्यात तोंड दाबून केलेल्या छळात तो गेला. पोलिसांनी सांगितलं, टेबलावर ‘ताक्’ करून हात आपटला, तर पोरगा ‘ओक्’ करून मेला. हे वाक्य कोरियन माणूस अजून विसरलेला नाही. जूनमध्ये योन्से विद्यापीठाच्या फाटकापाशी ली हान-योल या विद्यार्थ्याच्या डोक्याला अश्रुधुराचं नळकांडं लागलं. जुलैच्या सुरुवातीला तोही गेला. पहिल्याच्या मरणाने आणि दुसऱ्याच्या जखमेने पेटलेल्या आंदोलनापुढे जूनच्या अखेरीस लष्करी राजवटीला झुकावं लागलं आणि राष्ट्राध्यक्षांची थेट निवडणूक मान्य करावी लागली. १९९१ मध्ये पोलिस दल गृह मंत्रालयाच्या थेट पंखाखालून काढून स्वतंत्र यंत्रणा केलं गेलं, त्याची मुळं या उठावात आहेत.

गंमत म्हणजे नेमक्या याच काळात कोरियन टीव्हीवरचा पोलिस मात्र घराघरांत लाडका होता. ‘सुसा बानजांग’ म्हणजे तपासपथकाचा प्रमुख, ही एमबीसी वाहिनीची मालिका १९७१ मध्ये सुरू झाली ती १९८९ पर्यंत चालली. छे बुल-आम यांनी रंगवलेला तिचा प्रमुख गुन्हेगारालाही माणूस म्हणून वागवायचा. त्या मालिकेने पाडलेली वाट पुढे कित्येक वर्षं रुळली : पोलिस म्हटलं की साध्या कपड्यातला तपास अधिकारी, एक खून, एक कोडं आणि शेवटी हातकडी. चौकीत रात्रपाळीला बसणारा गणवेशातला शिपाई त्यात फार तर दार उघडून द्यायला यायचा.

‘लाइव्ह’ने कॅमेरा त्याच शिपायाकडे वळवला, आणि माझ्या मते तिचं मोठेपण तिथेच आहे. मालिका घडते ‘जिगुदे’मध्ये. २००३ साली कोरियात तीन-चार छोट्या चौक्या एकत्र करून एक मोठं गस्त केंद्र करायचं ठरलं, तीच ही जिगुदे. मालिकेतली होंगिल जिगुदे काल्पनिक आहे, पण ती बेतली आहे होंगदे या बार, क्लब आणि कला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या भागातल्या खऱ्या चौकीवर. शुक्रवार-शनिवारच्या रात्री तिथल्या पोलिसांचा अर्धा जीव दारुड्यांना सांभाळण्यात जातो. नव्याने रुजू झालेल्या पोरांच्या वाट्याला पहिलं मोठं काम काय येतं? गस्तीच्या गाडीतली ओकारी पुसायची.

ती पोरं तिथे आली तीही काही ध्येयाने पेटून नाही. हान जंग-ओ (जंग यू-मी) मुलाखतींना जाऊन दमली आहे. तिथे मुलांना झुकतं माप मिळतं हे ती रोज बघते, म्हणून लेखी परीक्षेची नोकरी धरते. योम संग-सू (ली क्वांग-सू) साखळी पद्धतीने लोकांना जोडणाऱ्या कंपनीत पैसे घालून बसला आहे. त्या दशकात कोरियन तरुणांची बेकारी वाढली होती आणि सोलच्या नोर्यांगजिन भागात सरकारी परीक्षांची तयारी करणारी पोरं दाटीवाटीच्या खोल्यांत राहून, रस्त्यावर कपात मिळणारा भात खाऊन वर्षानुवर्षं अभ्यास करत होती. शिपायाची नोकरी म्हणजे त्यांच्यासाठी कायमचा पगार.

आता तो प्रसंग, ज्याच्यामुळे ही मालिका मला प्रामाणिक वाटते. प्रशिक्षण पुरतं संपलेलंही नाही तोच या पोरांना एका विद्यापीठात बंदोबस्ताला पाठवतात. समोर निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थिनी बसल्या आहेत आणि हुकूम आहे त्यांना उचलून बाहेर काढायचा. कोरियन प्रेक्षकाला इथे इह्वा महिला विद्यापीठ आठवल्याशिवाय राहत नाही. ३० जुलै २०१६ रोजी तिथे सुमारे १६०० पोलिस आवारात शिरले. मुलींनी एकमेकींचे हात धरले आणि ‘गर्ल्स जनरेशन’ या गायिकांच्या गटाचं गाणं म्हणायला सुरुवात केली. त्या आठवणीची जखम ताजी असताना तोच क्षण पोलिसांच्या बाजूने दाखवणं काही प्रेक्षकांना खटकलं, आणि ते मी समजू शकतो. पण लेखिकेने आपल्या नायकांचे हात स्वच्छ ठेवले नाहीत. ती पोरं हुकूम पाळतात, आणि तो दिवस त्यांच्या मनातून जात नाही.

दुसरी दुखरी नस पिस्तुलाची. ऑक्टोबर २०१६ मध्ये सोलमध्ये घरी बनवलेल्या बंदुकीने एका पोलिस अधिकाऱ्याचा जीव घेतला. तरीही कोरियन पोलिस पिस्तूल काढायला कचरतात, कारण गोळी सुटली की चौकशी, शिक्षा, नुकसानभरपाई सगळं त्या एकट्याच्या मानेवर येतं. मालिकेच्या शेवटी संग-सू आपल्या वरिष्ठाला वाचवायला गोळी झाडतो आणि चौकशी समितीपुढे उभा राहतो. तो वरिष्ठ, बे संग-ऊ यांनी साकारलेला ओ यांग-चोन, पंचवीस वर्षं रस्त्यावर घालवलेला माणूस, समितीला विचारतो की माझी कर्तव्यभावना माझ्याकडून कोणी काढून घेतली. इथे माझे डोळे भरून आले.

ढाल धरणाऱ्या सक्तीच्या सेवेतल्या पोरांची ती पद्धत २०२३ मध्ये कायमची बंद झाली. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सक-योल यांनी लष्करी कायदा जाहीर केला, तेव्हा संसदेच्या फाटकांवर उभे होते ते नोकरीतले पोलिस. आत जाऊ द्यायचं नाही असा हुकूम वरून आला होता. सभापती कुंपणावरून उडी मारून आत गेले. आठवड्याभरात देशाच्या पोलिस प्रमुखांना अटक झाली, आणि ती केली त्यांच्याच दलातल्या पोलिसांनी.