एंड्युरन्स की एंड्युरो? गोंडोलात बसायचं की गोंडोलाखालून चढायचं

म्युनिकला नोकरी करणाऱ्या मामेभावाचा गेल्या महिन्यात व्हॉइस मेसेज आला. "दादा, इटलीत डोलोमाइट्सच्या डोंगरांत एका स्की रिसॉर्टवर माउंटन बाइकची रेस आहे, नाव घातलंय. सायकल कुठली घेऊ?" रेस कसली ते त्याने सांगितलं होतं, पण नेमक्या त्याच शब्दावर मागून ट्राम गेली. एंड्युरो म्हणाला की एंड्युरन्स, हे तीनदा ऐकूनही कळेना. उलट विचारलं तर म्हणतो, "एकच ना दोन्ही?"

एकच नाहीत, पण घोटाळा त्याचा एकट्याचाही नाही. एंड्युरो हा शब्द एंड्युरन्समधूनच निघाला, म्हणजे दमखम. खाचखळग्यांतून लांबवर चालणाऱ्या मोटरसायकलच्या शर्यतींना तो चिकटला आणि तिथून सायकलवाल्यांनी उचलला. उचलताना अर्थ मात्र बराच सरकला. त्यात दोन्ही शर्यती उन्हाळ्यात त्याच स्की गावांत होतात. बर्फ वितळला की स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट आणि हॉटेलं रिकामी पडतात आणि डोंगरावर रस्ते तयारच असतात. मग गावाला सायकलवाले हवेच असतात.

फरक एका प्रश्नात कळतो: घड्याळ कधी चालू असतं?

एंड्युरन्समध्ये, म्हणजे मॅरेथॉन प्रकारात, सुटल्यापासून पोचेपर्यंत सतत. चढ, उतार, पाणी प्यायला थांबलात ते, पंक्चर काढलंत ते, सगळं मोजलं जातं. सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना युसीआय हिच्या नियमांत मॅरेथॉनचं अंतर 60 ते 160 किलोमीटर आहे. एंड्युरोत दिवसभर डोंगरात फिरायचं असलं तरी घड्याळ लागतं ते काही ठरावीक उतारांवरच. त्यांना स्टेज म्हणतात. एक स्टेज साधारण काही मिनिटांची. सगळ्या स्टेजच्या वेळांची बेरीज केली की निकाल. मधला चढ सायकल मारत चढा किंवा आयोजकांनी सोय केली असेल तर लिफ्टने जा, त्याची वेळ बेरजेत धरत नाहीत. फक्त पुढच्या स्टेजच्या तोंडाशी दिलेल्या वेळेला हजर राहायचं, उशीर झाला तर दंड.

ही कल्पना स्की गावातच रुजली. 2003 साली फ्रान्सच्या वाल दाल्लोस या स्की रिसॉर्टवर फ्रेड ग्लो यांनी अशी शर्यत भरवली. पुढे 2013 पासून एंड्युरोची जागतिक मालिका सुरू झाली आणि 2024 मध्ये पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीतल्या वाल दि फास्सा खोऱ्यात झाली.

गंमत म्हणजे याच खोऱ्यातून एक नावाजलेली मॅरेथॉनही जाते. सेल्ला खिंडीच्या एका अंगाला सेल्वा गाव, दुसऱ्या अंगाला वाल दि फास्सामधलं कनाझेई. सेल्वाहून दर जूनमध्ये 'हीरो' ही शर्यत सुटते. लांब मार्ग 86 किलोमीटरचा आणि त्यात एकूण चढाई 4500 मीटर. सेल्ला पर्वताला वळसा घालून, कनाझेईवरून ती पुन्हा सेल्वाला येते. 2015 ची मॅरेथॉनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही इथेच झाली होती. त्यामुळे भाऊ 'कनाझेईच्या बाजूला' एवढंच म्हणाला असता तरी उलगडा झाला नसता.

4500 मीटर म्हणजे किती, हे पुण्यातल्या माणसाला सिंहगडाच्या भाषेत सांगता येतं. पायथ्यापासून गाडीरस्त्याने वरच्या पार्किंगपर्यंत सुमारे 600 मीटर चढाई होते. तर एका दिवसात साडेसात सिंहगड. तेही डांबरावर नाही. शिवाय सुरुवातच सेल्वाहून, 1563 मीटरवरून. कळसूबाईचं शिखर 1646 मीटर, म्हणजे तिथे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावरून पहिला पॅडल मारायचा आणि वर निघायचं. 2300 मीटरवरच्या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट उरतो. पुण्यात ज्या वेगाने गप्पा मारत चढता, त्याच वेगाला तिथे दोन शब्दांतच धाप लागते. जमल्यास चार-पाच दिवस आधी जाऊन राहावं. नाही जमलं तर पहिल्या चढावर स्वतःला आवरावं, हा त्याहून स्वस्त उपाय.

आवरणं अवघड का, ते पहिला चढ पाहिला की कळतं. सेल्वाहून दान्तरचेपिएस नावाचा गोंडोला, म्हणजे तारेला टांगलेल्या डब्यांची लिफ्ट, वर जातो आणि शर्यतीचा पहिला चढही तिकडेच, सुमारे 730 मीटर. हे चढ आपल्या घाटासारखे नसतात. घाट एसटीसाठी आखलेला असतो, वळणं घेत दमादमाने चढतो. स्की रिसॉर्टवरचे कच्चे रस्ते बर्फ सारखा करणाऱ्या यंत्रांसाठी आणि लिफ्टच्या खांबांची देखभाल करायला काढलेले असतात. त्यांना वळणांची हौस नसते. सुट्या खडीवर मागचं चाक फिरतं, पुढचं उचलतं. सीटच्या अगदी टोकाला सरकून, कोपर खाली दाबून, छाती हँडलवर नेऊन चढावं लागतं. डोक्यावरून रिकामे डबे संथपणे वर जात असतात.

म्हणून मॅरेथॉनवाल्याची सायकल हलकी लागते. धक्के झेलणारं सस्पेन्शन 100 ते 120 मिलिमीटर दबणारं पुरतं, पण गिअर मात्र लाज सोडून हलका घ्यावा. पुढे पॅडलजवळच्या चक्राला, म्हणजे चेनरिंगला, 30 किंवा 32 दात, मागे 50-52 दातांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच. आमच्या टेकडीवर 36 दातांची चेनरिंग मिरवणारे पुष्कळ आहेत. तिसऱ्या खिंडीत ते सायकल ढकलताना दिसतील.

एंड्युरोची सायकल याच्या उलट. सस्पेन्शन 160-170 मिलिमीटर, वजन सहज 15 किलोच्या पुढे, 200 मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या ब्रेक डिस्क, जाड कडांचे टायर, स्टेजवर फुल-फेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं हेल्मेट आणि गुडघ्याला पॅड. वाल दि फास्सामधल्या एका उताराचं नाव 'तुत्ती फ्रुत्ती' आहे. नाव आइस्क्रीमचं असलं तरी वाटेवर झाडांची मुळंच मुळं, आणि पाऊस पडला की मुळावर चाक साबणावर पडल्यासारखं घसरतं. तिथे हलकी सायकल म्हणजे पाहुणी.

दोन्हीकडे ट्यूबलेस टायर आणि हवा कमी. सत्तर किलोच्या माणसाला 20-25 पीएसआयच्या आसपास. आपल्याकडचा पंक्चरवाला सवयीने 40 भरतो, म्हणून हवेचा दाब मोजायचा स्वतःचा गेज ठेवा.

सराव कसा करायचा, तर मॅरेथॉनसाठी कंटाळा सोसायचा सराव. तीन-चार महिने आठवड्यातून एक लांब राइड, चार-पाच तासांची, आणि दुसऱ्या दिवशी थकल्या पायांनी पुन्हा दोन तास. शर्यत जूनमध्ये असेल आणि तुम्ही महाराष्ट्रात असाल तर सर्वांत कष्टाचे आठवडे नेमके एप्रिल-मेमध्ये येतात. पहाटे पाचला निघणं हाच त्यावर मार्ग.

सगळ्यांत दुर्लक्षित भाग पोटाचा. लांब शर्यतीत तासाला 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात. हौशी माणसाला अशी शर्यत सहज सात-आठ तास लागते. सात तास धरले तर 420 ते 630 ग्रॅम. एका केळ्यात साधारण 25 ग्रॅम, म्हणजे नुसत्या केळ्यांवर भागवायचं तर सतरा ते पंचवीस केळी. आता कळलं ना लोक साखरेचं पाणी आणि जेल का घेतात? आणि हे पोटालाही शिकवावं लागतं. सरावात दर वीस मिनिटांनी घोटभर नि घासभर घेतलं नसेल तर शर्यतीत दुसऱ्या तासाला मळमळतं आणि पाचव्याला पायात गोळे येतात.

एंड्युरोचा दम वेगळा. उतार म्हणजे विश्रांती, हा आपला गैरसमज. पाच मिनिटं उभ्याने, गुडघे वाकवून, ब्रेकवर एक-एक बोट ठेवून दगडांतून उतरा. कोपराखालचा हात लाकडासारखा ताठरतो, बोट लिव्हरवरून सुटत नाही आणि ब्रेक दाबायची ताकद शेवटच्या वळणाला संपते. म्हणून एंड्युरोवाल्याने दंड, पाठ आणि पकड कमवावी, एकच उतार दहादा उतरून वळणं घोटावीत आणि सरावाच्या दिवशी वाट डोक्यात भरून घ्यावी. लिफ्ट नसलेल्या आपल्या मुलखात दहादा उतरायचं म्हणजे दहादा चढायचं, त्यामुळे चढाचा सरावही आपोआप होतो. मला विचाराल तर मजा एंड्युरोत जास्त आणि हाडं मॅरेथॉनमध्ये सुरक्षित.

फॉर्म भरताना ओळखायचं कसं? नियमपत्रिकेत स्टेजची यादी, फुल-फेस हेल्मेटची सक्ती आणि लिफ्टचा पास दिसला तर एंड्युरो. एकूण चढाईचा आकडा, खाण्यापिण्याचे थांबे आणि 'अमुक खिंडीत अमुक वाजेपर्यंत न पोचल्यास बाद' असा तक्ता दिसला तर एंड्युरन्स.

भावाला हेच विचारलं. परवा रात्री त्याने पानाचा फोटो पाठवला. स्टेजची यादी नव्हती. वेळेचा तक्ता होता, चढाईचा आलेख करवतीच्या दातांसारखा. खाली त्याने लिहिलं होतं, "दादा, पण मी फुल-फेस हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड घेऊन बसलोय."

मी विचारलं, "बिल आहे ना जवळ?"