परांची उभी असताना चर खोदायचा आहे? परवानगी, कागदपत्रं आणि त्याआधीचं काम

पावसाळा संपला की मुंबईत इमारती दुरुस्तीला निघतात. परांची चढते, आणि नेमकं तेव्हाच कमिटीत कुणाला तरी आठवतं की ड्रेनेजची जुनी लाइनही याच फेरीत बदलून घ्यावी. प्लास्टरचा कंत्राटदार वेगळा, प्लंबर वेगळा. प्लंबरची माणसं भिंतीलगत चर घेतात आणि परांचीचे बांबू चराच्या काठावर येतात. खोदाईचा कागद वेगळा, परांचीचा वेगळा. दोन्ही एकत्र बघायचं काम सोसायटीलाच करावं लागतं.

चर रस्त्यात किंवा फुटपाथवर जाणार असेल तर महापालिकेची परवानगी हवीच. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार परवानगीशिवाय रस्ता फोडता येत नाही. त्यासाठी विभाग कार्यालयातल्या परिरक्षण खात्याकडे जायचं. परांचीचा पाय फुटपाथवर येत असेल तर त्याचीही परवानगी तिथेच विचारून घ्या. खोदाई फक्त आवारात असली तरी पाण्याची किंवा मलनिःसारणाची जोडणी बदलायची असेल, तर काम परवानाधारक प्लंबरमार्फतच करावं लागतं. सामायिक जागेसाठी एकट्या सभासदाने अर्ज करून काही होत नाही. अर्ज सोसायटीच्या नावाने, सचिव किंवा अध्यक्षांच्या सहीने करा.

सोबत साधारण हे कागद ठेवा: सोसायटीचा ठराव, चराची लांबी-रुंदी-खोली दाखवणारा नकाशा, प्लंबरच्या परवान्याची प्रत आणि हमीपत्र. हमीपत्रावर डोळे झाकून सही करू नका, अपघाताची जबाबदारी त्यातच लिहिलेली असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र कुणी मागो न मागो, घ्याच. त्यात परांचीपासून चर किती अंतरावर हवा हे लिहून घ्या. रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क डांबरी आणि काँक्रीट रस्त्याला वेगवेगळं असतं. पावसाळ्यात तातडीचं काम सोडलं तर खोदाईला सहसा परवानगी मिळत नाही.

कुदळ लावण्याआधी खाली काय आहे ते कळायला हवं. वीज, गॅस, टेलिफोन, पाणी, सगळं एकाच फुटपाथखाली असतं. यासाठी केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप २२ मार्च २०२३ पासून आहे. त्यात जागा आणि तारीख टाकली की तिथे ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना सूचना जाते.

आता प्रत्यक्ष जागेवर. माझं मत विचाराल तर परांची उतरल्यावरच खणा. थांबणं शक्यच नसेल, तर चर जितका खोल तितकं तरी अंतर परांचीच्या पायापासून ठेवा. हा ढोबळ हिशेब आहे. भरावाची जमीन असेल तर तेवढंही पुरत नाही, आणि मुंबईत भरावाची जमीन कमी नाही. १.५ मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना आधार द्यायचा किंवा त्या पायऱ्यांनी उतरत्या कापायच्या. काढलेली माती काठापासून १.५ मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी दूर टाकायची, यातलं जे जास्त असेल ते. खालून पोखरून वरची माती पाडायची नाही, मुकादम कितीही घाईत असला तरी. पाऊस झाला किंवा चरात पाणी भरलं तर आधी काठ आणि परांची तपासायची, मगच माणूस खाली उतरवायचा.

कामावर १० किंवा जास्त कामगार असतील तर कंत्राटदाराची कामगार खात्याकडे नोंदणी आहे का ते बघा. कामगारांची स्वतःची नोंदणी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे होते. वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम, ही पात्रता. त्यासाठी वयाचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो आणि ९० दिवसांचा दाखला लागतो. दाखल्यावर सही द्यायला कंत्राटदार टाळाटाळ करतात. शेवटचं बिल देण्याआधी सोसायटीने त्यांच्याकडे हा विषय काढावा.

चर बुजवल्यावरही एक गोष्ट राहते. ताज्या भरावावर परांचीचा पाय टेकवू नका. माती थरांनी दाबून घ्या, खाली फळी द्या, आणि इंजिनिअरने बघितल्याशिवाय वर कुणाला चढू देऊ नका.