सियागंजातली खसखस आणि दमणची वाट

दिवाळीच्या आधी आई अनारशांसाठी खसखस आणायला मला इंदूरच्या सियागंज बाजारात पाठवायची. दुकानदाराचा ठरलेला प्रश्न असे: तुर्की देऊ की नीमचची? आईला नीमचचीच लागे. ज्या बोंडातून ही खसखस निघते त्याच बोंडाला आधी चिरा पाडून अफूचा चीक काढून घेतलेला असतो, हे मला फार उशिरा कळलं. इंदूरच्या सराफ्यात या चिकाचा केवढा पैसा खेळला, हे तर त्याहूनही उशिरा.

हल्ली कोकेनच्या बातम्या येतात. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उतारावर पिकणारी कोकाची पानं, इक्वेडोरच्या ग्वायाकिल बंदरातून निघालेले केळ्यांचे कंटेनर, बेल्जियममधल्या अँटवर्पच्या बंदरात २०२३ साली पकडलेलं ११६ टन कोकेन. वाचताना हे सगळं दूरदेशीचं वाटतं. पण या धंद्याचा हिशेब माळव्यात दोनशे वर्षांपूर्वीच मांडून झाला होता, आणि तोही आपल्या होळकर-शिंद्यांच्या मुलखात.

बंगालकडची अफू, म्हणजे पाटणा-बनारसची, ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीत होती. शेतकऱ्यानं ती कंपनीलाच द्यायची, कलकत्त्याला तिचा लिलाव व्हायचा आणि तिथून ती चीनकडे जायची. माळव्याची अफू मात्र संस्थानांतली. इथं पैसा सावकाराचा, कर संस्थानाचा आणि कंपनीचा वाटा शून्य. चीनमध्ये ही अफू बंगालच्या मालाशी टक्कर देऊ लागली तशी कंपनी अस्वस्थ झाली. महिदपूरच्या लढाईत होळकर इंग्रजांकडून हरले, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदूरला आली, तरी पीक काही कंपनीच्या हातात येईना. पुढच्या दहा वर्षांत कंपनीनं आधी माल विकत घेऊन पाहिला, मग संस्थानांशी करार करून लागवड आणि वाहतूक आवळून पाहिली. होळकरांनी करार केला. शिंद्यांनी केला नाही, आणि एवढं एक भोकही पुरेसं होतं.

कारण वाट होती. इंदूरहून मुंबई सरळ, सुमारे सहाशे किलोमीटर. ती कंपनीनं बंद केलेली, म्हणून माल उलट्या दिशेनं निघाला: मारवाडात पाली, तिथून जैसलमेरचं वाळवंट, मग सिंधमध्ये कराची, आणि कराचीहून गलबतानं पोर्तुगीजांच्या दमणला. नकाशावर बोट फिरवून पाहा, हा द्राविडी प्राणायाम आहे. दमणहून पुढे चीन. उंट, नाकेदार, लाच, वाटेतले कर, सगळं धरूनही धंदा फायद्यात राहायचा.

शेवटी कंपनीनं हात टेकले आणि १८३० च्या सुमारास पासाची पद्धत काढली. इंदूरला सरकारी काट्यावर पेटी वजन करायची (एक पेटी साधारण ६३ किलोची), पैसे भरायचे, पास घ्यायचा आणि राजरोस मुंबईला जायचं. पेटीमागे १७५ रुपये. हा आकडा कुठून आला? कराची-दमणच्या वाटेला जो जास्तीचा खर्च येई, त्याच्या अंदाजावरून. पास थोडा महाग झाला की उंट पुन्हा पालीकडे वळत, म्हणून १८३५ साली तो १२५ वर उतरवावा लागला. मग १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, कराचीची वाट बुजली, आणि पास चढत चढत १८४७ पर्यंत ४०० रुपयांवर गेला. १८६० नंतर तो ६००-७०० च्या घरात होता. पीक तेच, चीक तोच, काढणारे हातही तेच. फक्त चोरवाट बंद झाली होती. मला तर सरकारी कर आणि चोरट्याचं भाडं यांचं इतकं जवळचं नातं दाखवणारं दुसरं उदाहरण माहीत नाही.

मधल्या काळात चीननं काय सोसलं ते सर्वश्रुत आहे. १८३९ मध्ये लिन झेश्यू या अधिकाऱ्यानं वीस हजारांहून जास्त पेट्या नष्ट केल्या, त्यांत माळव्याचा मालही होता. त्यावरून इंग्रज आणि चीन यांच्यात युद्ध झालं. मुंबईत जमशेटजी जीजीभॉयांसारखे व्यापारी याच धंद्यात गब्बर झाले. इकडे तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रजांना एक कोट रुपये साडेचार टक्क्यांनी कर्जाऊ देऊन खंडवा-इंदूर रेल्वे आणली आणि बैलगाडीवरचं ओझं आगगाडीत चढलं.

पुढे १९०७-०८ मध्ये चीनला जाणारी अफू दरसाल कमी करत न्यायची असं ठरलं. माल घटणार म्हटल्यावर उरलेल्या पेट्यांचे भाव कडाडले. इंदूरचे सेठ हुकुमचंद या सट्ट्यात अमाप कमावून बसले, आणि तो पैसा कापडगिरण्यांत गेला. १९१३ ला चीनची निर्यात थांबली.

कोकेनचं गणित याच चालीचं आहे. १९९० च्या दशकात पेरूहून कोलंबियाला माल नेणारी छोटी विमानं पाडायला सुरुवात झाली, पेरूत पानाचा भाव कोसळला आणि लागवड कोलंबियात सरकली. कॅरिबियनची वाट आवळली तेव्हा मेक्सिकोवाले मोठे झाले. कोलंबियात दोनेक हजार डॉलरला मिळणारा किलो युरोपच्या घाऊक बाजारात दहापटीहून महाग होतो. पान पिकवणाऱ्याच्या हाती त्यातलं किती लागतं, ते विचारू नये.

माळव्यात आता परवान्याची शेती आहे. सूत्रं ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोकडे, कारखाना नीमचला. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी बोंडाला चिरा पाडतात, रात्रभर चीक झिरपतो, सकाळी ऊन चढायच्या आत खरवडून घेतात. थेंबाथेंबाची नोंद, कमी भरला तर परवाना धोक्यात. चोरबाजारात याच चिकाला सरकारी भावाच्या कित्येक पट मिळतात, म्हणून पिकाची राखण रात्रीही करावी लागते. दिवसा पोपट येतात. चटावलेले असतात, बोंडच तोडून नेतात.

चीक सरकारचा. खसखस तेवढी शेतकरी स्वतःच्या मर्जीनं मंडीत विकू शकतो, आणि बऱ्याच घरांत वर्षाचा खर्च तिच्यावरच निघतो. सियागंजात परवा भाव विचारला तर दुकानदारानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "पाव किलो न्या की, अनारशांना पुरे."